बधिर बाजूला लावलेली मिश्री

तारीख अकरा फेब्रुवारी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. ठिकाण शिरूर, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतला दातांचा दवाखाना, पहिला मजला. हजर: डॉक्टर मॅडम, त्यांची मदतनीस, माझी सून पूजा आणि मी. सांगितलेला खर्च: खालच्या डाव्या दाढेच्या रूट कॅनॉलचे साडेतीन हजार, त्यावरच्या टोपीचे तीन हजार, एकूण साडेसहा हजार. त्या दिवशी भरले दीड हजार.

मी अंगणवाडी सेविका आहे. सव्वीस वर्षे बैठकांचे इतिवृत्त असेच लिहीत आले, म्हणून हेही तसेच सुरू केले. वय एकावन्न. आमचे गाव शिरूरहून न्हावऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. घरी आमचे हे शेती बघतात, मुलगा सागर रांजणगावला कंपनीत जातो, आणि पूजा. लिहायचे कारण एवढेच की, दाढ दुखल्यावर आपल्याकडच्या बायका जे करतात तेच मी केले, आणि त्यात माझ्यापेक्षा दुसऱ्याचेच जास्त नुकसान झाले.

दुखायचे थांबले तेव्हा

दिवाळीच्या सुमाराला दाढ गार पाण्याने ठणकायला लागली. मग गरम चहानेही. मग आडवे पडले की. मी मिश्री लावत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटून तिची पूड करतात आणि ती बोटाने हिरड्यांना घासतात. थोड्या वेळाने थुंकायचे. हिरडी बधिर होते, डोके हलके होते. मला सवय लागली सागरच्या वेळी, बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा. माहेर दौंड तालुक्यात, चौफुल्याच्या अलीकडे. माझ्या आईला सगळे जिजी म्हणतात. ती दौंडच्या बाजारातून तंबाखू आणते, चुलीवर स्वतः भाजते, आणि मी गेले की एक डबी भरून देते. मी तिला दर वेळी पन्नास रुपये देते. घेताना ती दर वेळी कुरकुर करते.

दिवसाला सहा वेळा लावत होते. घरात कुणाला माहीत नाही, असा माझा समज होता. अंगणवाडीच्या भिंतीवर तंबाखू आणि मिश्रीच्या दुष्परिणामांचा तक्ता आहे. गरोदर बायकांना तो मीच समजावून सांगते. सांगून झाले की मागच्या खोलीत जाऊन मिश्री लावत होते. हे लिहायला बरे वाटत नाही, पण झाले ते असे.

जानेवारीत एके दिवशी दाढ दुखायची थांबली. मला वाटले, मिश्रीने बरी झाली. डॉक्टर मॅडमनी नंतर सांगितले की आतली नस मरायला लागली होती, म्हणून दुखणे थांबले. कीड आत चाललीच होती. तीन आठवड्यांनी जबडा खालून सुजला. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी सूज उतरली, तशी पूजाने माझे काही न ऐकता मला गाडीवर बसवून शिरूरला नेले.

दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले असे नाही. माझ्या या सगळ्या लिहिण्यातून कुणी एकच गोष्ट घेणार असेल तर ही घ्यावी.

खुर्चीवर

मॅडम वयाने पूजाएवढ्याच. दवाखाना उघडून वर्षही झाले नव्हते. त्यांनी कागदाच्या मागे दाढेचे चित्र काढले. वर टणक भाग, आत पोकळी, पोकळीतून खाली मुळांत गेलेल्या बारीक नळ्या. त्या नळ्यांतली सडलेली नस बारीक सुयांनी काढायची, नळ्या धुऊन कोरड्या करायच्या, औषध ठेवायचे, आणि पुढच्या खेपेला त्या कायमच्या भरून टाकायच्या. दाढ जागेवर राहते. फक्त ती आतून मेलेली असल्यामुळे ठिसूळ होते, म्हणून वर टोपी.

"काढून टाकली तर?" मी विचारले.

"काढता येईल. सहाशे रुपयांत काम होईल. पण चावायची मुख्य दाढ आहे, मावशी. ही गेली की शेजारच्या कलतात, वरची खाली उतरते. एकीपाठोपाठ एक जातात."

एकीपाठोपाठ एक म्हटल्यावर मला जिजी आठवली. तिने पहिली काढली ती हीच, डावीकडची. आज चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला दोन दात आहेत. भाकरी कालवणात भिजत घालते आणि भिंतीकडे तोंड करून जेवते, कुणी बघू नये म्हणून. मी म्हणाले, "ठेवा."

मग फॉर्म आला. मदतनीस विचारत होती, मी सांगत होते. शुगर नाही. बीपी नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी?

"न्हाई."

मॅडम तोंडात आरसा घालून बघत होत्या. त्या थांबल्या. "मिश्री लावता का, मावशी? डाव्या गालाच्या आत, खाली, जरा पांढरट दिसतंय."

"छे. आमची आई लावती."

"आईनं लावलेली तुमच्या हिरडीला कशी लागेल?"

"न्हाई लावत," मी म्हणाले. पूजा शेजारीच उभी होती. ती भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होती. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि 'नाही'वर खूण केली.

इंजेक्शन अकरा पस्तीसला दिले. मुंगी चावल्यासारखे लागले, बस. दहा मिनिटांत डावा ओठ आणि अर्धी जीभ माझी राहिली नाही. ओठ सुजून वाटीएवढा झाल्यासारखा वाटला, हात लावून पाहिला तर होता तेवढाच. मग त्यांनी तोंडावर निळे रबर ताणून बसवले, त्यातून फक्त ती एक दाढ वर. यंत्राचा आवाज डोक्यात घुमत होता, दुखत मात्र नव्हते. जे माझ्या तोंडात चालले होते ते दुसऱ्या कुणाचे तरी चालले आहे, असे मी पडून ऐकत होते.

एकदा मात्र बरे वाटले. मॅडम नळ्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजत होत्या. "मागची एकोणीस." मदतनीस म्हणाली, "एकोणीस." "पुढची साडेवीस." "साडेवीस." "तिसरी वीस." आम्ही मुलांची उंची अशीच घेतो. एकीने वाचायची, दुसरीने परत म्हणायची, मगच लिहायची. हे लोक मोजून काम करतात, म्हणजे चुकणार नाहीत, असे मला वाटले. ते चुकलेही नाहीत.

उठताना मॅडम म्हणाल्या, "तीन तास काही खायचं नाही. त्या बाजूला काहीही तोंडात जाऊ द्यायचं नाही. गाल चावला तरी कळणार नाही तुम्हाला." मग जरा थांबून, "काहीही म्हणजे काहीही, मावशी."

चार चिमट्या

घरी पोचलो सव्वाला. तोंड दाखवायचे म्हणून मी आदल्या संध्याकाळपासून मिश्री लावली नव्हती, आणि डोके दगडासारखे झाले होते. पावणेदोनला पूजा अंगणात कपडे वाळत घालायला गेली, तशी मी डबी घेऊन मोरीत गेले.

एकोणतीस वर्षांत बोट कधी उजवीकडे गेले नाही. त्या दिवशीही ते डावीकडेच गेले.

मिश्री किती लागली हे बोटाला कळत नाही, हिरडीला कळते. आधी चुरचुरते, मग गरम होते, मग शांत होते. शांत झाले की थुंकायचे. त्या दिवशी चुरचुरलेच नाही. मला वाटले, डबीतली मिश्री शिळी झाली. अजून एक चिमूट घेतली. काहीच नाही. मग तिसरी घेऊन जोरात घासली. मग चौथी. बधिर ओठातून नीट थुंकताही येत नव्हते. अर्धे हनुवटीवरून ओघळत होते, अर्धे पोटात जात होते. पोट सकाळपासून रिकामे.

मुलांची वजने मी दहा ग्रॅमपर्यंत लिहिते. पण ज्या काट्यावर मी मिश्री मोजत होते तो काटाच सुईने बंद केलेला आहे, हे माझ्या लक्षात आले नाही.

पाच-दहा मिनिटांत घाम फुटला. मोरी फिरायला लागली. उचक्या, मग उलटी, मग पुन्हा उलटी. हातपाय गार पडले. मला आठवते की मी आधी चूळ भरली, मग डबी तांदळाच्या डब्यामागे सरकवली, आणि मग पूजाला हाक मारली. याच क्रमाने.

सलाईनची बाटली

शेजाऱ्यांच्या गाडीतून मला शिरूरच्या मोठ्या दवाखान्यात नेले. बीपी नव्वद-साठ, नाडी एकशे बारा. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले? पूजा म्हणाली, "काहीच न्हाई. सकाळी दाताचं इंजेक्शन दिलंय." त्यांनी ते लिहून घेतले. सलाईन लावले.

साडेचारला सागर कंपनीच्या बसमधून उतरून तसाच आला, खांद्याला डब्याची पिशवी. पूजाने फोन केला होता म्हणून दातांच्या मॅडमही दवाखाना बंद करून आल्या. हातात माझा कागद होता. सागरने त्यांना दारातच गाठले.

"मॅडम, माणसं मारायला बसलाय का दवाखाना टाकून?"

"आधी मला त्यांना बघू द्या."

"काय बघताय आता? डोस किती दिला ते सांगा!"

"जेवढा सगळ्यांना देते तेवढाच. अकरा पस्तीसला दिला. रिअ‍ॅक्शन येणार असती तर खुर्चीवर आली असती. यांना त्रास सुरू झाला दोनच्या सुमाराला."

"व्हय, तुम्ही म्हणाल तेच खरं. तुम्ही शिकलेली माणसं. आमी आपली कंपनीत नट फिरवणारी."

त्या माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, घरी गेल्यावर तोंडात काही घातलं होतं का? सांगा मला. मी रागावणार नाही."

मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होते. थेंब मोजत होते. मी मान हलवली. नाही.

नंतर कुणी विचारले तर मी सांगत होते की तोंड बधिर होते, बोलता येत नव्हते. ते खरे नाही. साडेचारपर्यंत ओठ मोकळा झाला होता. बोलता येत होते.

सागर म्हणाला, "पंधराशे घेतलेत ना? तेवढं तरी हलाल करायचं."

मॅडमनी पर्स उघडून पाचशेच्या तीन नोटा खाटेशेजारच्या कपाटावर ठेवल्या. "हे परत घ्या. पण दाढ अर्धवट आहे. आत औषध आहे, वर तात्पुरतं सिमेंट. आठ-दहा दिवसांत पुढचं काम झालंच पाहिजे. माझ्याकडं नको असेल तर दुसरीकडं करा. पण करा." सागरने नोटा खिशात घातल्या.

सहाला घरी सोडले. बिल अकराशे. सातला सागरने गावाच्या ग्रुपवर लिहिले: शिरूरच्या अमुक गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यात कुणी जाऊ नका, आईच्या जिवावर बेतले होते. खाली एकतीस जणांनी हात जोडलेले चित्र टाकले. मी ते मोजले. तेव्हा मला काय वाटले ते आठवत नाही.

जिजीकडे

पुढचे दिवस असे गेले की त्यांच्याबद्दल लिहायला थोडेच आहे. सुईच्या जागी जबडा दोन दिवस आखडला होता, मग सुटला. दाढेवर चावले की ठणका लागायचा, म्हणून उजवीकडून जेवत होते. मिश्री दोन दिवस भीतीने बंद होती. तिसऱ्या दिवशी उजवीकडे लावली. दाढेचे पुढे काय करायचे हे मी बोलत नव्हते आणि घरात कुणी विचारतही नव्हते.

रविवारी जिजीकडे गेले. माहेरी गुऱ्हाळ चालू होते, सगळ्या आळीत रस उकळल्याचा वास. जिजीने भाकरी कालवणात कुस्करली आणि भिंतीकडे वळून बसली.

"जिजी, इकडं तोंड कर की. मीच तर हाय."

"काय बघायचंय तुला? दोन दात हायती, त्येबी एकमेकास्नी भेटत न्हाईत." ती हसली, मग म्हणाली, "काढून टाक ती दाढ. एवढं पैसं घालून मेलेली दाढ कशापायी संभाळायची? मी सगळ्या काढल्या. मेले का?"

"तुला भाकरी चावावीशी वाटत न्हाई व्हय?"

"वाटती की," म्हणाली. मग उठून डबी घेऊन आली. "धर. कालच भाजलीया."

मी डबी घेतली. पन्नास रुपये दिले.

बारा किलो नऊशे

वीस फेब्रुवारीला अंगणवाडीत वजने होती. आरोही साडेचार वर्षांची. डिसेंबरला तेरा किलो दोनशे, जानेवारीला तेरा किलो दोनशे. काट्यावर उभी केली, बारा किलो नऊशे. परत उभी केली. तेवढेच.

"हिचं वजन कसं उतरलं, वर्षा?" मी तिच्या आईला विचारले.

"दाढा किडल्यात, बाई. दोन्हीकडच्या. चहात बुडवून बिस्कीट तेवढं खाती. भाकरी दिली की रडती."

"मग दाखव की."

"दाखवणारच हुते. त्या स्टँडमागल्या मॅडम लहान पोरांचं चांगलं बघत्यात म्हणं. सोळा तारखेची वेळबी घेतली हुती. मग तुमच्या सागरनं ग्रुपवर टाकलं. आमचं हे म्हणलं, बाईंसारख्या मोठ्या माणसाला सोसलं न्हाई ते इंजेक्शान, हिला कसं सोसंल? ऱ्हाऊ दे म्हणलं. दुधाचं दात हायती, पडत्याल कवातरी."

मी वहीत लिहिले, बारा किलो नऊशे. पुढे शेऱ्याचा रकाना असतो. वजन घटण्याचे कारण तिथे लिहायचे. मी पेन धरून बसले. सव्वीस वर्षांत तो रकाना मी कधी खोटा भरलेला नाही. त्या दिवशी तो खरा भरायचा तर त्यात माझे नाव लिहावे लागले असते.

आरोही तोंडात बोट घालून दाढ चाचपत होती. डावीकडची.

गाडी काढ

घरी आले तेव्हा पूजा कांदे निवडत होती.

"पूजा, गाडी काढ. शिरूरला जायचंय."

"दाढ दुखती का, आई?"

"न्हाई. मॅडमना सांगायचंय."

तिने हातातला कांदा खाली ठेवला. "मिश्रीचं ना?"

मी ओट्याच्या कडेवर बसले. "तुला कवापासनं म्हाईत?"

"लग्न झाल्यापासनं. तांदळाच्या डब्यामागं भिंतीला ओल येते. पावसाळ्यात मीच तुमची डबी वरच्या फळीवर ठेवायचे. तुम्हाला वाटायचं, तुम्हीच ठेवलीय."

"आन् त्या दिवशी?"

"मोरी मीच धुतली की."

"मग बोलली का न्हाईस, बाई? तिथं सागर त्या पोरीला वाट्टेल ते बोलत हुता."

"तुम्ही मान हलवलीत. सासू न्हाई म्हणतीय आन् सून व्हय म्हणू?" ती उभी राहिली, हात झटकले. "चार दिवस मलाबी जेवण गोड लागलं न्हाई. चला."

कागद

पहिल्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर नऊ माणसे होती. आज एक म्हातारे गृहस्थ, तेही कवळी दुरुस्तीला आलेले. मॅडम आमच्याकडे बघून उठल्या. त्यांना वाटले, भांडायला आलो.

मी उभ्यानेच सांगितले. "त्या दिवशी घरी जाऊन मिश्री लावली हुती. बधिर बाजूला. कळंना म्हणून चार चिमट्या."

"किती वाजता?"

"पावणेदोनला."

त्या खाली बसल्या. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या. "पण मला वाटून काय उपयोग? कागदावर तुम्ही 'नाही' सांगितलं होतं." मग त्यांचा आवाज चढला. "मावशी, नऊ दिवस मी त्या औषधाच्या बाटलीचा नंबर तपासतेय. विकणाऱ्याला चार फोन केले. माझ्या सरांना विचारलं. काल एकाला इंजेक्शन देण्याआधी मी डोस तीनदा मोजला. मला वाटायला लागलं होतं की माझीच सुई कुठंतरी चुकली."

मी म्हणाले, "फॉर्म द्या."

त्यांनी तो काढला. मी 'नाही'वरची खूण खोडली, 'होय'वर केली. पुढे लिहिले: रोज सहा वेळा, एकोणतीस वर्षे. खाली सही आणि तारीख. पर्समधून त्याच पाचशेच्या तीन नोटा काढून ठेवल्या. सागरने त्या माझ्याकडेच दिल्या होत्या.

मॅडमनी फॉर्म वाचला. "बसा खुर्चीवर," म्हणाल्या. "आज नववा दिवस आहे."

सागर घरी आल्यावर त्याला सांगितले. तो बूट काढता काढता थांबला. "मी त्या बाईला काय काय बोललो, आई."

"बोललास."

"मला तवाच सांगायचं हुतंस."

"व्हय."

तो दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर परस्पर त्या दवाखान्यात जाऊन आला. काय बोलला हे त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. ग्रुपवर मात्र मी स्वतः लिहिले: "दिनांक वीस फेब्रुवारी. मला झालेला त्रास इंजेक्शनने नव्हे, मिश्रीने झाला. मी ती लावत होते आणि डॉक्टरांना नाही म्हणून सांगितले. डॉक्टरांची चूक नाही. सागरचा मजकूर चुकीचा आहे." खाली नाव. हात जोडलेले या वेळी आठच आले. एकाने लिहिले, "अंगणवाडीतला तक्ता उतरवा आता, बाई." तक्ता मी उतरवला नाही. आता तो समजावताना शेवटी माझे उदाहरण सांगते. पहिल्यांदा सांगितले तेव्हा बायका हसल्या. मग दोघी मागे थांबल्या आणि म्हणाल्या, बाई, आमीबी लावतो.

नंतरचे

वीस तारखेला नळ्या पुन्हा धुऊन औषध बदलले. सत्तावीसला त्या कायमच्या भरल्या. त्यानंतर दोन दिवस चावताना ठणका होता, गोळ्यांनी भागले. टोपीचे माप सात मार्चला, टोपी सोळाला. तोवर त्या बाजूने कडक काही चावले नाही. टोपी बसेपर्यंत दाढ फुटू शकते, आणि पुष्कळ लोक दुखायचे थांबले की टोपी न बसवताच राहतात, असे मॅडम म्हणाल्या. मी तशी राहिले असते.

मिश्री सोडली. सहाच्या चार केल्या, मग दोन, मग एक. पहिले अकरा दिवस वाईट होते. झोप नाही, चिडचिड, बोट आपोआप हिरडीकडे जायचे. पूजा बडीशेपची वाटी पुढे करायची. गालातली पांढरी जागा मॅडमनी मार्चअखेर पाहिली, पुसट झाली आहे. मे महिन्यात पुन्हा दाखवायची आहे. तेव्हा गेली नसली तर तुकडा तपासायला पाठवतील. त्याची भीती वाटते. मिश्री बंद झाल्यापासून भीती, राग, चहाची चव, सगळेच थोडे थोडे परत येते आहे.

वर्षाने आरोहीला दाखवले. मार्चचे वजन तेरा किलो शंभर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: दाढांचे उपचार सुरू. फेब्रुवारीचा शेराही मी नंतर भरला. काय लिहिले ते वहीत आहे, कुणीही येऊन बघावे.

दाढेला आता गार-गरम कळत नाही. चावायचे काम करते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी जिजीकडे गेले. तिच्यासमोर बसून ज्वारीची भाकरी डावीकडून चावून खाल्ली. तिने भिंतीकडे तोंड केले नव्हते. ती माझा जबडा हलताना बघत होती. निघताना तिने डबी पुढे केली. मी पन्नासची नोट तिच्या हातात दिली आणि डबी तिच्याकडेच ठेवली.

"आगं, मग पैसं कशाचं?"

"भाजलीस त्याचं."

"मग ही मीच लावू व्हय?"

"तुझं तू बघ. पुढल्या खेपंला मात्र माझ्यासाठी भाजू नगंस."

तिने नोट कमरेला खोचली. डबी हातात धरून उभी राहिली, उघडली नाही.

शेवटी दिलेली रक्कम: मोठ्या दवाखान्याला अकराशे. डॉक्टर मॅडमना साडेसहा हजार, त्यात परत नेऊन दिलेले दीड हजार धरून. जिजीला पन्नास, डबी न घेता.